एसएच-१०१चा आवाज बदलताना: सोल्डर कुठे लावायचं, हात कुठे आवरायचा

पहिल्यांदा मी माझ्या एसएच-१०१चा, म्हणजे रोलँडच्या जुन्या ॲनालॉग सिंथेसायझरचा (सिंथचा), आवाज बदलायला बसलो, तेव्हा फिल्टरमधले, म्हणजे आवाजातले वरचे स्वरांश कापणाऱ्या भागातले, चारही कंडेन्सर काढले आणि मीटरवर एकेक मोजून जुळवलेले महागडे कंडेन्सर बसवले. त्यात सबंध रविवार गेला. आवाज एकदम 'खुलला' असं वाटलं आणि रात्री बायकोला आधीचं आणि नंतरचं रेकॉर्डिंग, कुठलं कोणतं ते न सांगता, ऐकवलं. ती म्हणाली, "हे तू एकच दोनदा लावलंस ना?" मी पुन्हा ऐकलं. तिचं खरं होतं.

त्यामुळे आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. जुन्या ॲनालॉग सिंथमध्ये त्याच किमतीचा (रुपयांची नव्हे, ओहम किंवा फॅरडमधली किंमत; पुढेही रेझिस्टर-कंडेन्सरची किंमत म्हणजे हीच) पण भारीतला भाग बसवून आवाज बदलत नाही. सिग्नलचा रस्ता बदलला, फिल्टरचा उतार बदलला किंवा एखादा टप्पा मुद्दाम ओव्हरलोड केला, तर बदलतो. खाली दिलेले चारही बदल त्या जातीचे आहेत. चारही परत फिरवता येतात, आणि जो फिरवता येत नाही तो मी करत नाही.

हेच मशीन का?

रोलँडने एसएच-१०१ १९८२ साली आणला. ३२ पट्ट्या, एका वेळी एकच सूर, प्लास्टिकची पेटी, मधल्या आकाराचे सहा सेल किंवा बाहेरचा ९ व्होल्टचा अडॅप्टर. शेवटचा मुद्दा शिकणाऱ्यासाठी सगळ्यात मोलाचा, कारण घरातली २३० व्होल्टची वीज या पेटीच्या आत येतच नाही. मिनीमूगसारख्या यंत्रात ती येते, त्यामुळे तिथे पहिल्या दिवशी हात घालू नये. (त्याच १९८२ साली आपल्या मुंबईत हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग रोलँडचीच टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रं घेऊन रागांवर काम करत होते. त्याची दखल जगाने कितीतरी वर्षांनी घेतली.)

आतली रचनाही समजायला सोपी आहे. सूर तयार करणारी आयसी सीईएम ३३४०, फिल्टरची आयआर ३१०९, आणि आवाजाची पातळी सांभाळायला (या भागाला व्हीसीए म्हणतात) बीए ६६२. सूर एका टोकाला तयार होतो, मिक्सरच्या चार स्लायडरांतून फिल्टरमध्ये जातो आणि तिथून बाहेर पडतो. एकच व्हॉइस, म्हणजे एका सुराची एकच साखळी, असल्यामुळे एकच तार जोडली की काम झालं. सहा व्हॉइसच्या पॉलीसिंथमध्ये हेच काम सहा वेळा करून वर सहाही एकमेकांशी जुळवत बसावं लागतं.

माझे कंडेन्सर वाया का गेले, तेही या फिल्टरवरून कळतं. त्यात एकामागे एक चार टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर २४० पिकोफॅरडचा एक कंडेन्सर. टप्प्याचा कटऑफ, म्हणजे ज्याच्या वरचे स्वरांश कापले जातात ती वारंवारता, ठरतो तो आयसीतला करंट भागिले कंडेन्सर, या हिशेबाने. चारही जागी किंमत दुप्पट केली तर कटऑफ बरोबर एक सप्तक खाली येतो, म्हणजे स्लायडर थोडा खाली ओढून जे फुकटात मिळतं तेच. आणि किंमत तीच ठेवली तर काहीच होत नाही.

पेटी उघडण्याआधी

रोलँडच्या सर्व्हिस नोट्स मिळवा आणि सर्किटची आकृती मोठ्या कागदावर छापून घ्या. मी इथे 'आर-अमुक', 'सी-तमुक' असे क्रमांक मुद्दाम देत नाही. दुसऱ्याने सांगितलेला क्रमांक पाहून डोळे मिटून डाग देणारा माणूस चुकतो. आकृतीवर पेन्सिल फिरवत, सिग्नलच्या मागे मागे जात स्वतः शोधलेली जागा सहसा चुकत नाही. मिक्सरचे चार स्लायडर, फिल्टरची आयसी, कटऑफचे सगळे कंट्रोल व्होल्टेज एकत्र येतात तो बिंदू आणि फिल्टरमधून पुढे जाणारी वाट, या चार जागांना वर्तुळं करून ठेवा.

मग रेकॉर्डिंग करा. हे टाळू नका, कारण कानाला दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. स्लायडरांचा फोटो काढा. फक्त सॉ वेव्ह (करवतीच्या दातांसारखी लाट), रेझोनन्स (कटऑफजवळचे स्वरांश उठवणारा स्लायडर) शून्य, कटऑफ अर्ध्यावर ठेवून एक सप्तक वाजवा. मग रेझोनन्स तीन चतुर्थांश आणि पुन्हा तेच. शेवटी कटऑफ खालून वर सावकाश नेत एकच खर्जातला सूर धरून ठेवा. प्रत्येक बदलानंतर हीच तीन वाक्यं, याच पातळीवर.

आता तब्येत तपासा. 'आवाज मंद झालाय, मॉड करायचंय' म्हणून माझ्याकडे आलेल्या यंत्रांपैकी निम्म्यांना मॉडची, म्हणजे सर्किटमधल्या फेरफाराची नाही, साफसफाईची गरज होती. सर्व्हिस नोट्समध्ये दिलेले पुरवठ्याचे व्होल्टेज मीटरने मोजा. ते कमी असतील किंवा त्यात घरघर असेल, तर पॉवरच्या भागातले इलेक्ट्रोलायटिक आधी बदला. स्लायडर हलवताना खरखर आली, तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक बारीक फवारा आणि पन्नास वेळा वरखाली. मुंबईच्या आणि कोकणच्या हवेत चार पावसाळे कपाटात काढलेल्या सिंथचे स्लायडर हमखास खरखरतात. सेलचा कप्पाही बघा. अल्कलाइन सेल गळून पांढरा-निळसर थर आला असेल तर कापसाच्या बोळ्याने थोडा व्हिनेगर लावून तो मारायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं.

शेवटी सूर. यंत्र अर्धा तास चालू ठेवा आणि मगच, गरज असेल तर, नोट्सप्रमाणे प्रीसेट (बोर्डावरचे स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे छोटे रेझिस्टर) फिरवा. प्रत्येक प्रीसेट हलवण्याआधी त्याच्या मूळ जागेवर मार्करने एक रेघ मारून ठेवा.

सामान

तापमान ठरवता येणारी सोल्डरिंग आयर्न असेल तर ३३० अंशांच्या आसपास ठेवा. नसेल तर साधी २५ वॅटची चालते, पण टोक बारीक आणि स्वच्छ हवं. ६०/४० सोल्डर, वितळलेली सोल्डर ओढणारा सक्शन पंप, ती शोषणारी तांब्याची विक, शील्डेड वायर, तीनचार १०० के (किलो-ओहमचे) पॉट, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणासारखे फिरवायचे रेझिस्टर, छोटे टॉगल स्विच, एक मायक्रोफॅरडचे फिल्म कंडेन्सर, एक जॅक. हे सगळं लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेच्या गल्ल्यांत एका फेरीत मिळतं. आयआर ३१०९ तिथे मागू नका. ती केव्हाच बंद झाली. लाटव्हियातल्या अल्फाची एएस ३१०९ हा तिचा पर्याय आज मिळतो, पण चालू असलेली मूळ आयसी काढायचं काही कारण नाही.

पॉट आणि स्विच लावणार कुठे? पॅनेलला भोकं पाडू नका, मूळ पेटीची किंमत तिथेच उतरते. अडॅप्टरवर वाजवत असाल तर सेलचा कप्पा रिकामाच असतो. त्याचं मूळ झाकण जपून ठेवा आणि त्याच मापाचं ॲक्रिलिकचं दुसरं झाकण कापून त्यावर सगळं बसवा. तारा आत न्यायला कप्प्याच्या भिंतीला एक पेन्सिलीएवढं भोक लागतं. माझ्या यंत्रात कायमचा केलेला बदल तेवढाच.

पहिला बदल: बाहेरचा आवाज आत

एसएच-१०१ला बाहेरून आवाज घेणारा जॅक नाही. तो दिला की सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त पदरात पडतं, म्हणून सुरुवात इथून.

आकृतीत पल्स, सॉ, सब आणि नॉइज असे चार स्लायडर दिसतील. चौघांच्या मधल्या टोकापासून एकेक रेझिस्टर निघतो आणि ते चारही एका बिंदूवर भेटतात. तुम्ही तिथे पाचवा पाहुणा नेताय. जॅकच्या टोकापासून एक मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर, तिथून १०० के लॉग पॉटचं वरचं टोक. पॉटचं खालचं टोक ग्राउंडला. मधल्या टोकापासून त्या चौघांच्याच किमतीचा रेझिस्टर, आणि तो संगमाच्या बिंदूवर. रेझिस्टर बोर्डाजवळ ठेवा, पॉटाजवळ नको, नाहीतर लांब तार अँटेनासारखी घरघर गोळा करते. वायर शील्डेड आणि तिची जाळी एकाच टोकाला ग्राउंड केलेली. जॅक असा घ्या, की प्लग नसताना त्याचं टोक आपोआप ग्राउंडला जाईल.

पुन्हा चालू करण्याआधी पुरवठ्याच्या प्रत्येक रेषेचा ग्राउंडशी शॉर्ट नाही ना, ते मीटरने बघा. मग चारही स्लायडर खाली, व्हीसीएचा स्विच गेटवर, एक पट्टी दाबून धरा आणि फोनमधून काहीही वाजवा. कटऑफ हलवल्यावर गाणं मिटतं-उघडतं, म्हणजे जमलं. मी तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग सोडलं होतं. रेझोनन्स वाढवून कटऑफ हळूहळू वर नेला, तर जवारीतले स्वर एकेक करून पुढे येतात, जणू कोणीतरी त्यांच्यावर बोट ठेवत चाललंय. त्या संध्याकाळी दुसरं काहीच झालं नाही.

याच जॅकचा दुसरा उपयोग फीडबॅक. मिनीमूग वाजवणारे वर्षानुवर्षं आपल्या यंत्राचं आउटपुट त्याच्याच बाहेरच्या इनपुटात परत घालत आलेत. तुम्ही सिंथचं आउटपुट बाहेरच्या मिक्सरमध्ये न्या आणि त्या मिक्सरच्या ऑक्स सेंडमधून (सिग्नलचा हवा तेवढा वाटा वेगळा बाहेर देणाऱ्या वाटेतून) परत या जॅकमध्ये आणा. सेंड शून्यावरून केसभर वाढवत जा. आधी आवाज जाड होतो, मग कडा खरबरीत होतात, आणि एका टप्प्यावर तो ताब्यातून सुटून किंचाळतो. तेव्हा हेडफोन कानावर नकोत. जाड होण्याऐवजी आवाज पातळ झाला, तर परत येणारा सिग्नल उलट्या फेजचा आहे. मिक्सरवर फेजचा स्विच असेल तर तो उलटा करा.

दुसरा बदल: सुरानेच फिल्टर हलवणं

फिल्टरचा कटऑफ एन्व्हेलपने (पट्टी दाबल्यावर चढून उतरणाऱ्या व्होल्टेजने) हलतो, एलएफओने (सावकाश झुलणाऱ्या लाटेने) हलतो. पण एलएफओ सावकाश चालतो. त्याच्या जागी स्वतः सॉ वेव्हच कटऑफ हलवू लागली तर हलणं म्हणून ऐकू येत नाही. त्याचं रूपांतर नव्या स्वरांशांत होतं आणि आवाजाला गुरगुर येते.

सॉ स्लायडरच्या वरच्या टोकावरून, म्हणजे स्लायडरच्या आधी, सिग्नल घ्या. एक मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर, १०० के पॉट, आणि त्याच्या मधल्या टोकापासून एका रेझिस्टरमधून कटऑफच्या संगमबिंदूला. रेझिस्टर केवढा? एन्व्हेलपच्या स्लायडरमधून त्या बिंदूवर येणारा रेझिस्टर आकृतीत बघा आणि सुरुवातीला त्याच्या दुप्पट घ्या. परिणाम कमी वाटला तर तेवढाच घ्या. कंडेन्सर विसरलात तर सॉच्या सिग्नलमधला डीसी थेट कटऑफमध्ये शिरतो. मग पॉट फिरवलं की गुरगुरीबरोबर फिल्टरही सरकतो आणि नक्की काय बदललं तेच कळत नाही. मी कंडेन्सर विसरलो होतो.

ऐकायचं कसं: रेझोनन्स इतका वाढवा, की फिल्टर स्वतःच शिट्टी मारू लागेल. की-फॉलो (सुराबरोबर कटऑफही वरखाली नेणारा स्लायडर) पूर्ण वर. मग पॉट हळूहळू उघडा. कटऑफ सुराच्या नेमक्या दुप्पट किंवा तिप्पट वारंवारतेवर असला तर आवाज स्थिर आणि ठोस लागतो. जरा बाजूला सरकवला की घंटेसारखा, पितळी. फिल्टरचं की-फॉलो नीट जुळवलेलं नसेल तर हे दोनच पट्ट्यांवर बरं वाटतं आणि बाकी सप्तकभर बेसूर. तो प्रीसेट आधी जुळवायला सांगितलं ते यासाठीच.

तिसरा बदल: चारऐवजी दोन टप्पे

माझ्या मते चौघांत हा सगळ्यात कामाचा आहे आणि याला सगळ्यात जास्त धीर लागतो.

चारही टप्प्यांतून गेलेला आवाज कटऑफच्या वर दर सप्तकाला २४ डेसिबलने उतरतो, दुसऱ्या टप्प्यावरच बाहेर काढला तर १२ने. कटऑफच्या बिंदूवरही फरक आहे: प्रत्येक टप्पा तिथे ३ डेसिबल खातो, म्हणजे चारांनी १२ आणि दोनांनी ६. हे चारांचं गोल, बंद तोंडाचं गाणं आणि दोनांचं उघडं, थोडं नाकातलं गाणं. शिवाय रेझोनन्सची वाट चौथ्या टप्प्यावरूनच राहते, त्यामुळे शिट्टी मारण्याची ताकद जात नाही.

आकृतीत फिल्टरच्या चौथ्या टप्प्याचं आउटपुट शोधा आणि तिथून पुढे व्हीसीएकडे जाणारा भाग बघा. तिथे एक रेझिस्टर किंवा कपलिंग कंडेन्सर असतो. रेझोनन्सकडे परत जाणारी फांदी या भागाच्या आधी फुटते ना, याची खात्री करा. त्यानंतर फुटत असेल तर तिच्या पुढचा भाग निवडा. या भागाचा फिल्टरकडचा पाय तेवढा बोर्डातून मोकळा करून वर उचला. मोकळ्या पायाला टॉगल स्विचचं मधलं टोक. स्विचचं एक बाजूचं टोक जिथून पाय उचलला त्या भोकात, दुसरं दुसऱ्या टप्प्याच्या बफरच्या आउटपुटवर. मागे फिरायचं असेल तर पाय परत भोकात.

बोर्ड चाळीस वर्षांचे आहेत आणि तांब्याचे पॅड जास्त वेळ गरम केले की उचलले जातात. तीन सेकंदांत सोल्डर निघाली नाही तर आयर्न बाजूला घ्या, थोडी नवी सोल्डर घाला, थंड होऊ द्या आणि मग पुन्हा पंप लावा. पंप न मारता पक्कडीने पाय ओढण्याचा आळस मी केला, तेव्हा पॅड अख्खा पायाबरोबर वर आला, नखाच्या चतकोराएवढा चकचकीत तुकडा. ट्रॅकवरचा हिरवा लेप ब्लेडने खरवडून बारीक तारेने जोड दिला तेव्हा यंत्र वाचलं.

तपासताना आधी दोन्ही बाजूंची पातळी सारखी करा. दोन टप्प्यांचा आवाज जास्त तेज असल्यामुळे मोठा वाटतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमी चांगला वाटतो.

चौथा बदल: फिल्टरला जरा जास्त पाजणं

फिल्टरच्या प्रत्येक टप्प्याच्या तोंडाशी ट्रान्झिस्टरांची जोडी असते आणि ती साधारण २० मिलिव्होल्टपर्यंतच सरळ वागते. म्हणून आधी एक मोठा रेझिस्टर सिग्नल लहान करून देतो. तोच ढिला केला तर टप्पे वाकू लागतात आणि आवाजात ऊब येते.

मिक्सरमधून पहिल्या टप्प्यात जाणाऱ्या रेझिस्टरला समांतर तेवढ्याच किमतीचा दुसरा रेझिस्टर, एका स्विचमधून. स्विच चालू केला की आत जाणारा सिग्नल जवळजवळ दुप्पट, म्हणजे सहा डेसिबल वर. मूळ भाग काढायचा नाही, त्याच्या पायांवर वरून डाग द्यायचा. एक सॉ असेल तर फरक थोडा. सॉ, पल्स आणि सब तिन्ही स्लायडर वर नेले की खरा फरक कळतो. यात रेझोनन्स दबतो, शिट्टी मागे जाते. ही चूक नाही. मोठा सिग्नल टप्पे भरून टाकतो, फीडबॅकला जागा उरत नाही. मला बेसला हे आवडतं, लीडला नाही.

बंद करण्याआधी

एका बैठकीत एकच बदल. दोन एकत्र केले आणि आवाज गेला, तर कुठे बघायचं? ऑप-अँप बदलणं आणि सगळे इलेक्ट्रोलायटिक सरसकट उपटणं मी करत नाही, भाग खराब असल्याचं मीटरने सांगितलं तरच. सर्किटला हात लावताना आधी ग्राउंडला बोट टेकवा. आतल्या सीमॉस आयसी अंगावरच्या स्थिर विजेने मरतात आणि त्या मेल्या की पट्ट्या वाचल्याच जात नाहीत.

शेवटी एका कागदावर आपल्या चारही जोडण्यांची आकृती काढा, रेझिस्टरच्या किमती आणि तारीख लिहा, आणि तो घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घाला. काढलेला एखादा मूळ भाग असेल तर तोही त्याच पिशवीत. माझ्या पिशवीत त्या रविवारचे २४० पिकोफॅरडचे चार जुने कंडेन्सर आहेत. पिशवी पेटीच्या आत तळाला चिकटपट्टीने लावा आणि मग स्क्रू आवळा, हलक्या हाताने, कारण प्लास्टिकचे आटे लगेच झिजतात.